नानांची मूठ

आमच्या सोसायटीत नानांशी कोणी हात मिळवत नाही. सगळे लांबूनच नमस्कार करतात. कारण नानांचा उजवा हात बहुधा खताच्या बादलीतून नुकताच बाहेर आलेला असतो.

पाटबंधारे खात्यात नानांनी ३० वर्षं धरणांची पातळी नोंदवली. निवृत्तीनंतर धरणं सुटली, नोंदवही सुटली नाही. आता रोज सकाळी गच्चीवरच्या २० लिटरच्या बादलीची पाहणी होते. मूठभर खत घ्यायचं आणि कचकचून दाबायचं. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब डोकावला आणि मूठ उघडल्यावर मुटका तसाच राहिला, की वहीत नोंद होते : 'ओलावा ५० ते ६० टक्के. समाधानकारक.' धार लागली तर धोक्याची पातळी! मग वास सुटायच्या आत सुका पाला आणि फाडलेली वर्तमानपत्रं आत जातात. मुटका भुरभुरला, मुंग्या दिसल्या, की दुष्काळ जाहीर होऊन पाणीदार ताकाचं एक आवर्तन सुटतं.

उन्हाळ्यात समोरच्या वहिनी कलिंगडाची सालं घेऊन आल्या, तर नाना दारातच आडवे. "वहिनी, यात ९० टक्क्यांच्या वर पाणी आहे. हा कचरा नव्हे, विसर्ग आहे!"

मुलाने कुंडीत खुपसायचा मीटर आणून दिला. तो म्हणाला 'कोरडं', मूठ म्हणाली 'ओलं'. सैल खतात सुईभोवती पोकळीच फार, तिला ओल लागणार कशी? पण नाना पडले सरकारी. दोन आकडे जुळेनात म्हणून तिसरा काढायला बसले. १०० ग्रॅम खत ताटलीत पसरून गच्चीवर ठेवलं, नेमकं काकूंच्या कुरडयांशेजारी. वजन उतरायचं थांबेपर्यंत चार दिवस उन्हं दिली. भरलं ४२ ग्रॅम.

"५८ टक्के पाणी! मूठ बरोबर होती!" नाना जिन्यातूनच ओरडले.

काकूंनी एक शब्द न बोलता सगळ्या कुरडया बादलीत ओतल्या. "घ्या. सुका माल लागतो ना?"

परवा सत्यनारायणाला नानांनी हातावर प्रसादाचा शिरा घेतला. सवयीने मूठ वळली. बोटांतून तुपाची धार लागली. नाना गंभीर झाले आणि गुरुजींच्या कानाशी लागले, "बाकी उत्तम जमलंय. फक्त मूठभर पाला घाला."