परतीचा टोल

"काय गो, काल तुझ्या दारात पांढरी गाडी कोणाची?"

"नणंदेची, काकी. शिवडीला गाडीत बसताना फोन केला, आणि माझं सुकट निवडून व्हायच्या आत बाई दारात! अटल सेतूवरून आली ना. मला केस विंचरायलाही सवड मिळाली नाही."

"आमच्या वेळी बरं होतं. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच उरणच्या मोऱ्याला लागायची ती भरती असेल तेव्हा. ओहोटीला सगळा गाळ. तिथी बघितली की कळायचं, पाहुणा आज येतो की उद्या."

"आणि आला की राहायचा. हिनं परतीचा टोल काढलेला, पावणेचारशेचा. म्हणे मुदतीतच गेलं पाहिजे, नाहीतर पुन्हा अडीचशे. चहा घेतला नि गेली. माहेरपण टोलवाल्याच्या हातात!"

"तुझा दीर मात्र अजून वाशीवरूनच मुंबईला जातो?"

"मग काय! गच्चीतून पुलाचे दिवे दिसतात, पण बाईकला बंदी. रिक्षालाही तेच. जवळजवळ 22 किलोमीटरचा पूल, आपल्या चिर्ल्यात उतरलेला, आणि हा रोज सगळ्या खाडीला वळसा घालून जातो. त्यापेक्षा उरणची लोकल कामाची. तीसुद्धा पुलाच्याच दिवशी सुरू झाली, 12 जानेवारी 2024. पण तिचं कौतुक कोणी केलं का?"

"बरं, तात्यांचं कळलं?"

"जमीन विकली?"

"हळू बोल गो. विकली नाही अजून. उरण-पनवेल-पेणमधली 124 गावं घेऊन नवं शहर करणार, तर हरकतीचा अर्ज द्यायला तात्या सगळ्यांच्या पुढे. आणि दलाल आला की त्याला चहासुद्धा तात्याच पाजतात."

"ते 84च्या जमीन आंदोलनात होते ना?"

"होते तर! दि. बा. पाटलांच्या मागे. गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचे भूखंड पदरात पडले. आता म्हणतात, विकायचं नाही, पण भाव विचारायला काय जातं?"

"काकी, गाडी आली बघा. पांढरीच."

"तुझी नणंद?"

"छे हो, तात्यांकडे वळली."

"थांब, मी चुलीवरचं उतरवून येते. तोवर उतरतंय कोण ते बघून ठेव."