नवाबाचा शेवटचा शिकारी

फणसाडच्या डोंगराला टेकलेल्या प्रत्येक गावात नवाबाचा असा एक शेवटचा शिकारी असतोच. काशीदला असतो, सुपेगावलाही असतो. खाकी हाफपँट, तेल लावलेल्या मिश्या आणि प्रत्येक गोष्टीची सुरुवात, "नवाबसाब मला म्हणाले..."

हे रान जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं राखीव शिकारीचं रान होतं, हे खरं. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं, हेही खरं. आणि आमच्याकडच्या अशा शिकाऱ्याच्या, म्हणजे नानांच्या, आधारकार्डावर जन्मसाल 1946 आहे, हे तर छापील खरं. कुणी हा हिशेब तोंडावर मांडलाच, तर नाना शांतपणे सांगतात, "मी लवकर चालायला लागलो होतो."

मग टपरीवरच मचाण बांधलं जातं. हाकारे उठतात, पाणवठ्यावरचं सांबर कान टवकारतं आणि करवंदीच्या जाळीतून वाघरू बाहेर येतं. ऐकणारा गावचा असेल तर शेपटीसकट सहा फूट. काशीदच्या किनाऱ्यावरून आलेला मुंबईकर असेल तर नऊ. चहा पाहुण्याकडून असेल तर मागोमाग मादीही येते.

बंदूक आहे, वडिलांची. ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. पण निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा करता करता तिनं रानापेक्षा पोलीस ठाणंच जास्त पाहिलं.

नानांची खरी अब्रू राखली ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं. त्यावर 1986 मध्ये फणसाड अभयारण्यच झालं. "एक मारून दाखवा बघू," असं म्हणायची सोय राहिली नाही. सांबर, भेकर, पिसोरी आणि नाना, सगळ्यांना सरकारनं एकदमच अभय दिलं.

औंदा वालाच्या शेतात डुकरं शिरली. नाना रात्रभर माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवत होते. सकाळी तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक पंचनाम्याला आले.

"किती होती?"

"लिहा, बावीस."

वनरक्षकानं चिखलातले खूर पाहिले. "नाना, एकच आहे. तेही पिल्लू."

"बरं, एक लिहा," नाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "पण ते जिवंत आहे ते निव्वळ कायद्यामुळं, हेही खाली लिहा. मी सही करतो."