गाडीतील आवाज शोधण्याची शास्त्रोक्त पद्धत

गाडीतून आवाज येतो आहे, हे मालकाने एकट्याने ठरवू नये. त्याला साक्षीदार लागतो, आणि तो मिळत नाही. शेजारी बसलेल्याला "ऐकलंस?" असे विचारले की तो "काय?" म्हणतो, आणि तेवढ्यात आवाज थांबलेला असतो. म्हणून विचारण्यापूर्वी रेडिओ बंद करावा, एसीचा पंखा शून्यावर आणावा आणि मागे बसलेल्या मुलांना पुढील सूचना मिळेपर्यंत गप्प राहण्यास सांगावे. ही शेवटची कृती खरोखर जमली, तर आवाजाचा शोध तिथेच सोडून त्या शांततेचा लाभ घेतला तरी हरकत नाही.

आवाज आहे यावर एकमत झाल्यावर गाडी रिकामी करावी. बहुतेक मालक ही पायरी गाळतात, कारण त्यांना थेट बॉनेट उघडून उभे राहायचे असते. डिकीच्या तळाशी, स्टेपनीपाशी, जॅक, पाना आणि टॉमी असतात. ते बांधून ठेवण्याची सोय कंपनीने केलेली असते, आणि पहिल्या पंक्चरनंतर तिचा वापर कोणी करत नाही. त्याच डिकीत गेल्या महिन्यात जेजुरीहून आणलेला नारळ असतो. तो डाव्या वळणावर उजवीकडे गडगडत जातो, पत्र्यावर आदळतो, थोडा थांबतो आणि उजव्या वळणावर परत येतो. मालक मनात शॉकॲब्सॉर्बरची किंमत मोजत असतो. यानंतर दाराच्या कप्प्यातली स्टीलची बाटली, ग्लोव्ह बॉक्समधली चष्म्याची डबी आणि फास्टॅग येण्यापूर्वी टोलनाक्यावर निसटून सीटच्या रुळात पडलेले नाणे बाहेर काढावे. मागची सीट रिकामी असेल तर तिथल्या बेल्टचे बक्कल लावून टाकावे. सुटे बक्कल प्लास्टिकवर टकटक करते आणि त्याचा आरोप चाकांवर येतो.

एवढे करूनही आवाज उरला, तर तळहात वापरावा. लाल परीने प्रवास केलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. बस थांब्यावर उभी राहून इंजिन संथ चालू असले की खिडकीची काच एका लयीत थडथडू लागते, आणि प्रवासी झोपेतच तिच्यावर हात टेकवतो. काच गप्प. बसने वेग घेतला की ती आपणहून गप्प होते, कारण प्रत्येक सुट्या वस्तूचा थरथरण्याचा एक आवडता वेग असतो आणि इंजिनाने नेमका तोच गाठला की ती वाजते. आपल्या गाडीचा डॅशबोर्ड पन्नासला किरकिरतो आणि साठला थांबतो, त्यामागेही हेच. तेव्हा शेजारी बसलेल्याने डॅशबोर्ड, दाराचे पॅनेल, आरशाचे बूड असे एकेक दाबत जावे. ज्याच्यावर हात पडल्यावर आवाज बंद होईल, तिथे फोमच्या टेपचा तुकडा घालावा. गाडी चालवणाऱ्याने हा प्रयोग स्वतः करू नये.

आता चाकांकडे आणि इंजिनाकडे वळता येईल. आवाज कशाबरोबर वाढतो, एवढेच शोधायचे असते. गाडी उभी करून ॲक्सिलरेटर दाबल्यावर आला, तर तो इंजिनाच्या बाजूचा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल करूनही वेगाबरोबर चालू राहिला, तर चाकांच्या बाजूचा. (घाटात गाडी न्यूट्रल करणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन नाही.) स्टीयरिंग पूर्ण वळवून हळूहळू निघताना पुढून कटकट असे टाळ वाजले, तर एक्सलच्या जॉइंटचा संशय घ्यावा; त्याचे रबरी बूट फाटून ग्रीस गेलेले असते आणि आत धूळ शिरलेली असते. कमी वेगात, बारीक खड्ड्यांवर खडखड आली तर लिंक रॉड नाहीतर बुश. वेगाबरोबर चढत जाणारा घुमल्यासारखा आवाज बेअरिंगचा असू शकतो. तो उजव्या वळणावर वाढला तर आधी डावीकडचे चाक तपासावे, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो. मात्र बेअरिंग बदलण्यापूर्वी टायरच्या नक्षीत खडा अडकलेला नाही ना, हे पाहावे. खडा टिकटिकतो, वेगाबरोबर त्याची टिकटिक घाई करते, आणि तो किल्लीच्या टोकाने फुकट निघतो.

काही आवाज मुद्दाम ठेवलेले असतात. ब्रेकचे पॅड झिजत आले की अनेक गाड्यांत त्यावरची पातळ पट्टी डिस्कला घासून किंचाळते. तिला त्याच कामासाठी बसवलेले असते. या आवाजाची तारीफ करावी आणि त्याच आठवड्यात पॅड बदलावेत. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिले दोन-चार ब्रेक घासत मारते, ते डिस्कवर चढलेल्या गंजामुळे. ते सोडून द्यावे. गाडी बंद केल्यावर खालून टिकटिक येते, ती थंड होणाऱ्या सायलेन्सरची. त्यासाठी शेजाऱ्यांना पार्किंगमध्ये बोलावू नये.

घरातले ज्येष्ठ या टप्प्यावर हटकून सांगतात, "आमच्या फियाटला असली नाटकं नव्हती." ते खरेच आहे. प्रीमियर पद्मिनीत सगळेच वाजत असल्यामुळे सुटा आवाज ऐकू येण्याची सोयच नव्हती. मोठा आवाज गेला की त्याच्यामागे दडलेला धाकटा पुढे येतो, हा या विषयातला मुख्य सिद्धांत होय. रोल्स-रॉइसने 1958 मध्ये जाहिरात केली, की ताशी 60 मैलांवर या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो घड्याळाचा. सर्व आवाज घालवण्यावर अमाप पैसा खर्च केल्यावर माणसाच्या हाती टिकटिक करणारे घड्याळ उरते. विजेच्या गाडीत तर इंजिनच नाही, म्हणून प्लास्टिकची प्रत्येक कुरकुर थेट कानात येते. वर तिची शांतता पादचाऱ्यांना धोक्याची ठरते म्हणून युरोपीय संघाने 2019 पासून नव्या प्रकारच्या विद्युत गाड्यांना कमी वेगात कृत्रिम आवाज काढण्याची सक्ती केली. ज्यांच्या गाडीतून आपोआप आवाज येतो त्यांनी काळाच्या पुढे असल्याचे समाधान मानावे.

गॅरेजमध्ये जाताना आवाज बरोबर येत नाही, याची तयारी ठेवावी. तिथे पोचेपर्यंत गाडी देवळातल्यासारखी चालते. मग मालकाला आवाज स्वतः काढून दाखवावा लागतो, आणि बाकीची गिऱ्हाइके हातातले चहाचे कप थांबवून ऐकतात. "आधी खर्रर्र, मग टक, पण टक दर वेळी नाही." मेकॅनिक मान हलवतो आणि म्हणतो, "साहेब, ट्रायल मारू." याला नाही म्हणू नये. त्याला चालवू द्यावे, आपण मागे बसावे, आणि रस्त्यालगत कंपाउंडची भिंत असेल अशा गल्लीतून काचा खाली करून न्यायला सांगावे. चाकाकडचा आवाज भिंतीवरून परतून कानाशी येतो. सकाळी थंड गाडीतच आवाज येत असेल, तर गाडी आदल्या रात्री गॅरेजात ठेवावी. जुन्या मिस्त्रींची रीत वेगळी. ते लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवतात, मूठ कानामागच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटतात. टोक अल्टरनेटरवरून पंपावर सरकते, भुवई किंचित उडते, आणि निदान होते. हे घरी करू नये. बेल्ट फिरत असतो आणि सैल बाही त्याला आवडते.

पार्ट बदलायचाच झाला तर स्वस्तापासून सुरुवात करावी, एका वेळी एकच बदलावा आणि जुना मागून घ्यावा. तीन पार्ट एकदम बदलले आणि आवाज गेला, तर दोषी कोण हे कायमचे अज्ञात राहते आणि बिल मात्र तिघांचे येते.

आवाज कशानेही सापडला नाही, तर रेडिओ मोठा करण्याचा जुना उपाय आहे. ब्रेक, स्टीयरिंग आणि चाके यांना तो लागू नाही. आणि काही महिने सोबत असलेला आवाज एखाद्या दिवशी चालत्या गाडीत अचानक बंद पडला, तर आनंद व्यक्त करू नये. गाडी बाजूला घ्यावी, उतरावे आणि काय पडले ते पाहावे. सायलेन्सरवरचा पातळ पत्रा असण्याची शक्यता बरीच असते. तो उचलायचा तर मागची वाहतूक जाऊ द्यावी आणि हाताला फडके गुंडाळावे, कारण पत्रा तापलेला असतो.