लंडनआबा

लंडनआबा लंडनला कधीच गेलेले नाहीत. मुंबईला दोनदा गेले, त्यातही एकदा गाडी चुकून. लेस्टरच्या लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी पासपोर्ट निघाला होता. पण व्हिसाच्या अर्जात वार्षिक उत्पन्नाचा रकाना आला आणि आबा अडले. "कांद्याचं लिहू का खोल्यांचं? कांद्याचं लिहिलं तर ते येऊ देणार न्हाईत, खोल्यांचं लिहिलं तर इथले जाऊ देणार न्हाईत." अर्ज माझ्या दुकानात पडून राहिला आणि काकू एकट्याच लेस्टरला जाऊन आल्या.

रांजणगाव गणपतीत, पुणे-नगर रस्त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारी चहाची टपरी. सातबारा, फेरफार, आधार कार्ड, एमआयडीसीत कामाला लागणाऱ्या पोरांचे बायोडेटा, सगळं माझ्या काचेवरून जातं. गावात कुणाचं काय चाललंय ते तलाठ्याच्या आधी मला कळतं. आबाही मला त्या काचेवरूनच कळले.

त्यांची थोडी जमीन एमआयडीसीत गेली. आलेल्या पैशात कारेगावच्या अंगाला १२ खोल्या बांधल्या. उरलेल्या अडीच एकरात कांदा. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, खिशात मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. पहिल्या पाळीच्या बसा निघून गेल्या की आबा टपरीवर येतात, चहा बशीत ओततात, फुंकर मारतात आणि विचारतात, "कळलं का? तिकडं पुन्हा बोंब झाली."

तिकडं म्हणजे ब्रिटनमध्ये. गावातली इतर बोंब आबांच्या हिशेबी स्थानिक असते.

हे वेड लागलं २०१६ साली. त्या वर्षी २३ जूनला ब्रिटनने मतदान घेतलं आणि ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचं, म्हणजे ब्रेक्झिटचं, ठरवलं. पौंड गडगडला, लेस्टरच्या जावयाचा चेहरा उतरला आणि व्हिडिओ कॉलवर तो उतरलेला चेहरा आबांनी पाहिला. तेव्हापासून त्यांनी त्या देशाची काळजी अंगावर घेतली. एरवी रांजणगावात युरोप काही लांब नाही. फियाटचा कारखाना इथेच आहे. इटलीची माणसं महागणपतीच्या प्रवेशद्वारासमोर उभी राहून फोटो काढताना आम्ही पाहतो. पण आबांनी धरलं ते ब्रिटन.

"१९७३ सालापासून एका चुलीवर जेवत होते," ते सांगत, "आणि निघाले. कशापायी? बसवर आकडा लिहिला म्हणून!"

बसचा किस्सा खरा आहे. बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी लाल बसवर रंगवलं होतं की आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या दवाखान्यांना देऊ. युरोपकडून परत येणारे आणि आधीच सूट मिळणारे पैसे त्या आकड्यात वजा केलेले नव्हते. आबांना याचा भारी संताप. "जमा दाखवायची न्हाई, नुसता खर्च दाखवायचा. असा हिशेब तर आमच्या सोसायटीचा सचिवसुद्धा करत न्हाई." मग थोडं थांबून, "म्हंजे उघड्यावर करत न्हाई."

बाहेर पडायचं कलम होतं ५०. ते २०१७च्या मार्चमध्ये लागू केलं, दोन वर्षांची मुदत होती, प्रत्यक्षात निघायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. तेवढ्यात पंतप्रधान बदलत राहिले. कॅमेरून गेले, थेरेसा मे आल्या. मे गेल्या, जॉन्सन आले. टपरीवर कुणाला हा क्रम पाठ होईना. आबांनी सोपा करून सांगितला, "आपल्याकडं उपसरपंचपद वाटून घेत्यात का न्हाई? सहा म्हैने तू, सहा म्हैने मी. तसंच. फक्त त्येंनी आधी ठरवलेलं नव्हतं." पुढे लिझ ट्रस आल्या आणि ४५व्या दिवशी राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. त्या दिवशी आबांनी बशी खाली ठेवली. "बाळंतीण सव्वा महिन्यानं उंबरा ओलांडती. ही बाईपण तेवढ्यातच उंबऱ्याबाहेर!"

पण आबांचं खरं पांडित्य राजकारणात नाही, मालात आहे. मालाला गेटवर थांबवलं की त्यांना स्वतःचा ट्रॅक्टर दिसतो.

जानेवारी २०२१. नवे नियम लागू होऊन थोडेच दिवस झालेले. ब्रिटनमधून आलेल्या एका ट्रकवाल्याचं फॉइलमध्ये गुंडाळलेलं सँडविच हॉलंडच्या बंदरावर कस्टमवाल्यांनी काढून घेतलं. आत मांस होतं आणि बाहेरच्या देशातलं मांस आता आत न्यायला बंदी. तो म्हणाला, मांस घ्या, पाव तरी ठेवा. तेही नाही. जावयाने पाठवलेला तो व्हिडिओ आबांनी टपरीवर सात-आठ जणांना दाखवला. शेवटी मोबाइल पिशवीत घालताना म्हणाले, "दुश्मनाच्यासुद्धा फडक्यातली भाकरी कुणी काढत न्हाई."

उत्तर आयर्लंडचा प्रश्न त्यांनी माझ्या काउंटरवर सोडवला. सांडलेल्या चहाचा समुद्र केला. खारी म्हणजे ब्रिटन. पलीकडे अख्खं बिस्कीट म्हणजे आयर्लंड, त्याचा वरचा कोपरा मोडून म्हणाले, "हा तुकडा ब्रिटनचा, उरलेलं बिस्कीट युरोपात. आता यांच्या मधी कुंपण घालायचं न्हाई, कारण घातलं तर जुनी मारामारी उठंल. मग कुंपण घातलं कुठं? समुद्रात! म्हंजे ओसरीवरचं पीठ माजघरात न्यायचं, तर घरच्यांनीच पावती फाडायची." बोलता बोलता तो तुकडा चहात विरघळला. आबा त्याच्याकडे बघत राहिले. "हे असं," म्हणाले आणि बोट चाटलं.

छपाईचा धंदा माझा, त्यामुळे मला पटलेली गोष्ट पासपोर्टची. युरोपचा लाल रंग नको म्हणून ब्रिटनने जुना निळा पासपोर्ट परत आणला. तो छापायचं कंत्राट गेलं फ्रेंच-डच कंपनीला, छपाई पोलंडमध्ये. स्वाभिमानाची छपाईसुद्धा शेवटी ज्याचा दर कमी त्याच्याकडेच जाते, हे मला कुणी शिकवायला नको.

२०२१च्या सप्टेंबरात तिथे टँकरला ड्रायव्हर मिळेनात, पेट्रोलपंप कोरडे पडले, सरकारने घाईघाईने तात्पुरते व्हिसे काढले. आबांनी टपरीवर दोन ट्रेलरवाल्यांना उभं करून विचारलं, "जाता का?" त्यांच्या मते शिक्रापूरच्या चौकातून संध्याकाळी ट्रेलर काढणाऱ्या माणसाला जगात कुठेही लायसन मागू नये.

बाहेरची माणसं नकोत, हे त्या मतदानाचं मोठं कारण होतं. आबांना ते मनातून पटतंही. "गावात आपलं माणूस दिसंना झालंय," असं ते महिन्याचे २९ दिवस म्हणतात. एक तारखेला मात्र ते १२ खोल्यांचं भाडं गोळा करायला जातात. तिथे बिहार, ओडिशा, यवतमाळ, लातूर असा सगळा संघ नांदतो आणि त्या दिवशी आबांचं कुणाविषयी काही म्हणणं नसतं. तिकडेही तसंच झालं. युरोपची माणसं कमी झाली आणि बाकीच्या जगातून इतकी आली की जून २०२३पर्यंतच्या एका वर्षात येणारे वजा जाणारे ९ लाखांच्या वर गेले. म्हणजे ज्यांना थांबवायचं होतं ते राहिले बाजूला आणि आबांच्या लेकीच्या इमारतीत आणखी दोन मराठी बिऱ्हाडं आली.

फेब्रुवारी २०२३मध्ये लेकीने रिकामं शेल्फ दाखवलं. एका माणसाला तीनच टोमॅटो. थंडी स्पेन-मोरोक्कोकडे पडली होती, पण लोक शिव्या देत होते ब्रेक्झिटला. मंत्रीणबाईंनी संसदेत सुचवलं, ऋतूप्रमाणे खावं, सलगम खावं. आबा हसतील असं मला वाटलं होतं. त्याच महिन्यात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे, सगळी कापाकापी होऊन, २ रुपये मिळाले होते. तेही पुढच्या तारखेच्या चेकने. आबांनी ती बातमी माझ्याकडून मोठी करून घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "तिकडं मोजून तीन, हिकडं मोजून दोन. मधल्या मधी गेलं कुठं सगळं?"

त्याच वर्षी ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली. ती ४ मे २०२४ला उठली, पण वर ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ला. बंदीच्या सकाळी आबांनी चहा बशीत ओतलाच नाही. "त्येंनी निदान मत तरी घेतलं. आमचा कांदा रात्रीत आत कोंडला, आन् आम्हाला सकाळी पेपरात कळलं."

आता आबांची खासगी गोष्ट. ती गावाला माहीत आहे, पण त्यांच्यासमोर कुणी काढत नाही.

ज्या वर्षी ब्रिटनने मतदान केलं, त्याच दिवाळीत आबांनी धाकट्या भावाकडे वाटणी मागितली. कारण सामाईक विहिरीच्या मोटारीचं बिल. गोठ्याच्या भिंतीवर खडूने आकडा मांडला होता: मोटारीपायी आपले वर्षाला एवढे जातात. ते बिल दोघांपैकी कुणीही कधी भरलेलं नव्हतं. तरी आकडा भिंतीवर होता आणि मोठ्या अक्षरात होता.

वाटणी झाली. विहीर आबांच्या बाजूला आली, रस्त्याकडची बाजू भावाला गेली. वाटणी या शब्दात वाट आहे, पण कागद करताना ती कुणाच्या ध्यानात राहत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात आबांनी मोटार बंद केली, भावाने बांधावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. पाच मिनिटांवरच्या कांदाचाळीला आबांचा ट्रॅक्टर कालव्याकडून दोन किलोमीटर वळसा घालून जाऊ लागला. मग आबा माझ्याकडे आले. बांधावरून रस्ता मिळावा म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करायचा, महसूल अधिनियमाचं कलम १४३. अर्ज, नकाशा, सातबारा, आठ प्रती. पैसे दिले आणि प्रती माझ्याकडेच ठेवून गेले. "आधी त्यो काय करतो बघू." बाहेर पडायला कलम ५०, वाट मागायला कलम १४३, दोन्हींची माहिती असलेला माणूस आमच्या पंचक्रोशीत एकच.

२०२५च्या मे महिन्यात अवकाळीने महाराष्ट्र झोडपला. आबांचा काढलेला कांदा शेतातच होता. कालव्याच्या वाटेवर ट्रॅक्टर चाकभर चिखलात रुतला. आबा पावसात उभे. थोड्या वेळाने बांधावरच्या बाभळी बाजूला सरकल्या आणि भावाची ट्रॉली आली. कुणी काही बोललं नाही. अंधार पडेपर्यंत दोघांच्या घरची माणसं कांदा भरत होती.

त्याच सुमारास, १९ मेला, ब्रिटन आणि युरोपने पुन्हा जुळवून घेतलं होतं. ब्रिटनने आपल्या समुद्रात युरोपच्या बोटींना आणखी १२ वर्षं, २०३८पर्यंत, मासे धरू द्यायचं कबूल केलं. आबा दुकानात आले, गुडघ्यापर्यंत चिखल. "लिहून घे. भावाला विहिरीचं पाणी दिलं, त्यानं मला वाट दिली. मुदत २०३८."

"आबा, २०३८ कशाला?"

"त्येंचे मासे २०३८पर्यंत. आपलं पाणी बी तवर. पुढचं पोरं बघतील."

राहता राहिला ब्रिटनशी आपला व्यापार करार. जॉन्सनसाहेब २०२२च्या एप्रिलमध्ये दिल्लीत सांगून गेले होते, दिवाळीपर्यंत करू. दिवाळीत करार आला नाही. लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी ऋषी सुनक तिथल्या सत्ताधारी पक्षाचे नेते ठरले. म्हणजे करार राहिला आणि आमच्या नारायण मूर्तींच्या जावयाचा दिवाळसण झाला. करारावर सह्या झाल्या २४ जुलै २०२५ला. स्कॉच व्हिस्कीवरचा आयातकर १५०वरून आधी ७५ आणि १० वर्षांत ४० टक्क्यांवर यायचा. आबांनी कॅलेंडर काढून दाखवलं, त्या दिवशी आषाढ अमावास्या होती. "गटारीला सही! मुहूर्त बघून केलंय."

संध्याकाळी भावाकडे कोंबडी होती. आबा बांधावरून गेले. स्कॉच अर्थातच नव्हती.

१४३च्या अर्जाच्या आठही प्रती अजून माझ्या दुकानात आहेत. कुणाच्या मनात वाटणीचं चाललं असेल तर एक घेऊन वाचा. त्याचे पैसे मी घेत नाही.