वर, सर, वर!

ज्या शहरात बजाजचा कारखाना, त्याच शहरात राहून मी हिरो होंडाच्या काळातली स्प्लेंडर चालवतो. पुंडलिकनगरात, निदान आमच्या गल्लीत, याला फितुरी म्हणतात. वाळूजचा प्लँट १९८५ साली सुरू झाला. तेव्हापासून इथे ज्याला त्याला एखादा भाऊ, मेव्हणा नाहीतर घरमालक ‘बजाजमध्ये’ असतो. आमच्या शेजारचे नाना तिथूनच रिटायर झाले. सकाळी मी किक मारायला लागलो की ते गेटवर येऊन उभे राहतात. बोलत काहीच नाहीत.

नवी गाडी घ्यायचं निघालं तेव्हा नानांनी शोरूम ठरवलं, वार ठरवला आणि सोबत यायचंही ठरवलं. बायकोही निघाली, कारण भिशी तिची लागली होती.

शोरूममधल्या पोराने लायसन्सची झेरॉक्स घेतली आणि फोटोतला तरुण मीच का, हे माझ्याकडे आळीपाळीने बघून ताडून पाहिलं. मग पल्सर बाहेर काढली आणि डेमोचं हेल्मेट दिलं. आजवरच्या तमाम गिऱ्हाइकांच्या डोक्यांचं तेल त्यात मुरलेलं होतं. वासावरून एक तरी थंडा तेलवाला असावा.

इथे माझ्या डाव्या पायाची ओळख करून द्यायला हवी. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे खाली दाबत जायचे, आणि कमी करायचे तर मागे टाच मारायची. या पायाने उभ्या नोकरीत दुसरं काही केलेलं नाही. पल्सरचं तसं नसतं. पहिला गिअर खाली, पुढचे चार वर. पोराने हे नीट समजावून सांगितलं, मी मान डोलावली. पायाला कोणी सांगितलं नाही.

पहिला गिअर झोकात पडला, कारण तो दोन्हीकडे खालीच असतो. दुसऱ्यासाठी पाय पुन्हा खाली. गिअर पहिलाच. पुन्हा खाली. इंजिन ठणाणा करायला लागलं. मागे बसलेला पोरगा कानाशी ओरडला, “वर, सर, वर!”

मी वर पाहिलं. वर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. शुभेच्छुकांपैकी ओळखीचं कोणी दिसतं का तेवढं बघावं, तर समोर मेथीच्या जुड्यांचा गाडा.

तो चुकवला. पुढे पोराच्या देखरेखीखाली दुसरा पडला, तिसराही पडला, आणि आपल्याला जमतंय असं वाटेपर्यंत गजानन महाराज मंदिराचा चौक आला. नानांनी शुभ म्हणून गुरुवार काढला होता, आणि गुरुवारी संध्याकाळी त्या चौकात अर्धं शहर दर्शनाला असतं. गाडी हळू करायला मी सवयीने टाच मारली. पल्सरवर टाच मारली की गिअर वाढतो. चौथ्या गिअरमध्ये बैलाच्या चालीने निघालेली गाडी दोन आचके देऊन ऐन चौकात बंद पडली.

“काका, पेट्रोल संपलं का?” हार विकणाऱ्या बाईंनी विचारलं.

मी हो म्हणालो. पोरगा काही बोलला नाही. एवढ्यासाठी तरी त्याचा पगार वाढावा.

दुसरी गाडी ॲव्हेंजर. तिने माझ्या कमी उंचीची अब्रू राखली. सीट ७३७ मिलिमीटरवर, त्यामुळे दोन्ही पाय अख्खे जमिनीला टेकले. पण तिचे फूटरेस्ट पुढे असतात. डाव्या पायाने स्प्लेंडरचा गिअर जिथे असतो तिथे दाबलं आणि तो हवेत गेला. बायको फाटकातून म्हणाली, “आरामखुर्चीत बसल्यासारखे दिसताय. पेपर आणून देऊ का?”

मग नाना पुढे सरसावले. फ्रीडम १२५, जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल, ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बाजारात आली, हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की टाकी त्यांनीच बसवली असावी. सीटखाली दोन किलो गॅस, पुढे दोन लिटर पेट्रोल, बदलायचं बटण हँडलवरच. हिशोब बिनतोड होता. अडचण एवढीच, की सीट ८२५ मिलिमीटर उंच आणि मी पाच फूट तीन इंच. बायकोने फोटो काढला त्यात माझी चप्पल जमिनीला लागलेली दिसते, टाच चपलेला लागलेली दिसत नाही. लाल सिग्नलला गाडी मागच्या पोराच्या पायांवर उभी होती. मी हँडल धरून नुसता सोबत होतो.

शेवटी विजेवरची चेतक. १९७२ च्या चेतकला गिअर डाव्या मुठीत असायचे, २०२० च्या या चेतकला गिअरच नाहीत. नानांना हे मनातून पटलेलं नाही, तरी ते मागे बसले. डाव्या पायाला आता काही कामच नव्हतं. पण डावा हात राहिला होता. वळणावर त्याने क्लच समजून लिव्हर आवळली. स्कूटरवर तो मागचा ब्रेक असतो. नाना चष्म्यासकट माझ्या पाठीवर आले. “उतर,” एवढंच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला अरेतुरे केलं.

नंतर बायकोने ती चेतक सूतगिरणी चौकापर्यंत नेऊन आणली, वाटेत कोथिंबीर घेतली आणि बुकिंगचे पैसे कुठे भरायचे ते विचारलं. माझ्या नावाची गाडी घ्यायला गेलो होतो, ही आठवण मी काढली नाही.

राहता राहिली स्प्लेंडर. ती एक्स्चेंजला किती जाईल हे बघायला तोच पोरगा तिच्यावर बसला. पहिला गिअर टाकून ऐटीत निघाला आणि दुसऱ्यासाठी त्याने सवयीने पाय वर उचलला. गाडी न्यूट्रल झाली, इंजिन ठणाणा करायला लागलं, मागून रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला.

“खाली, भाऊ, खाली!” मी ओरडलो.

त्याने वाकून रस्त्याकडे पाहिलं. नाना गेटवरच उभे होते. ते पहिल्यांदाच माझ्या बाजूने हसले.