दातावर घासलेला मोती

माईआत्या लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या की बायका पदर गळ्याभोवती ओढून घेतात. "बघू गं" म्हणत आत्या कुणाचाही सर उचलतात, त्यातला एक मोती पुढच्या दातांवर हलकेच घासतात आणि डोळे मिटतात. खरखरला तर खरा, गुळगुळीत सरकला तर काच नाहीतर प्लास्टिक. मग निकाल लागतो, तोही सनईच्या वरच्या पट्टीत.

खरा निघाला म्हणून सुटका नाही. पर्समधून भिंग बाहेर येतं.

"बसऱ्याचे आहेत हो, सासूबाईंचे," वरमाय म्हणते.

"लांबट आहेत, एका अंगाने चपटे, मध्ये वळ्या, त्यात ही जांभळट झाक. चीनच्या तळ्यातले आहेत. सासूबाई तिकडे गेल्या होत्या का?"

वरमायेचा चेहरा उतरला की आत्यांना दया येते आणि त्या समजूत घालायला बसतात. अपमानापेक्षा ही समजूत लांबते. "वाईट नाहीत हो! समुद्रातल्या कल्चर मोत्यात बहुधा आत मणी घालतात, मोती म्हणजे वरचा थर तेवढा. गोड्या पाण्यात बहुतेक वेळा मणीच नसतो. एका शिंपल्याच्या मऊ पापुद्र्याचे बारीक तुकडे करून दुसऱ्या शिंपल्याच्या पापुद्र्यात खोचतात, एकेकात वीस-तीस सहज. तुकड्याभोवती पिशवी धरते, ती काही वर्षं थरावर थर चढवत राहते. मणी नाही, म्हणून गोल होण्याची सक्ती नाही. पण आतबाहेर सगळा मोतीच!"

एकदा गुरुजी सहज बोलून गेले, स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो. अंतरपाट धरलेला होता, म्हणून ते वाचले. भुवनेश्वरच्या मत्स्यसंस्थेत शिंपल्यात साचा सरकवून गणपतीच्या आकाराचे मोतीही तयार करतात. ते मात्र आत्यांना मुळीच पसंत नाही. देवाला त्या बुळबुळीत जागी बसवायचं म्हणजे काय!

बाईंची माहिती पक्की आहे, हे मान्य करायलाच हवं. मोती आपसूक झाला की माणसाने करवला, हे दाताला कळत नाही, त्याला एक्स-रे लागतो, हेही त्या प्रामाणिकपणे सांगतात. हॉलवाले बाकी सगळं देतात, एक्स-रेचं मशीन तेवढं देत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार आहे.

मध्यंतरी आत्यांना कवळी बसली. कवळीला खरखर कळेना. नात्यातल्या बायकांनी कपाटातले सर पुन्हा बाहेर काढले. पण आत्या हार मानणाऱ्या नव्हेत. हल्ली त्या धाकट्या नातवाला बरोबर आणतात. परवाच्या मुंजीत विहीणबाईंचा तन्मणी त्याच्या तोंडाशी धरून म्हणाल्या, "घास रे, हळूच. काय वाटतंय?"

पोरगं बराच वेळ विचारात पडलं. "आजी, हलतंय."

"मोती?"

"दात."

आत्यांनी निकाल राखून ठेवला.