ओटीवर करंज

"वहिनी, कुकर उतरवलात का? मग या जरा कंपाउंडपाशी. राजापूरहून फोन होता."

"काय म्हणतंय राजापूर?"

"म्हणणार काय! मागची पडवी बसली. वाशांना वाळवी, त्यात हा पाऊस. ओटीच्या भेगेत करंज उगवलाय म्हणे, हातभर."

"मग दुरुस्त करून घ्या की, माई."

"कुणी? कागदावर वीसेक नावं. निम्मी डोंबिवली-विरारला, एक अमेरिकेत. विकायचं म्हटलं की सही अडते, पैसे मागितले की 'गणपतीनंतर बघू'. गणपतीत पाय ठेवायला जागा नसते हो! विसर्जन झालं की पुन्हा सामसूम... थांबा, चामराजनगरची गाडी जाऊ दे. हां. नातीच्या प्रोजेक्टसाठी जनगणनेचे आकडे काढले होते. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ला जवळपास १७ लाख माणसं, २०११ला १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्गातही घटच."

"म्हणजे सगळे मुंबईत."

"तिथंच तर गंमत! कुलाबा ते माहीम-सायनची जुनी मुंबई, तीही त्याच दहा वर्षांत आटली. ३३ लाखांची ३१ लाखांवर आली. गर्दी गेली ठाण्याकडे, बदलापूरकडे. गावी चौसोपी घर, अन् तिकडे लोकलला लोंबकळायचं."

"आमच्या चिकमगळूर जिल्ह्याचंही तेच, थोडी का होईना घटच. नणंदेच्या कॉफीच्या मळ्यात आता आसामची माणसं. पोरं बेंगळुरूला. आणि इथं बघा, समोरचा बंगला पाडून चार मजले चढतायत. त्यांच्या गाड्या उद्या आपल्याच फाटकासमोर!"

"लागणारच. पण खरी गोष्ट ऐका. २०११च्या त्याच आकड्यांत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. बाप्ये मुंबईला, शेत, गुरं, सासू बायकांच्या गळ्यात. लोक खुशाल म्हणतात, गाव ओस पडलं. माझी धाकटी जाऊ तिथंच आहे ना! एकटी वानर हाकते, घरपट्टी भरते. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही."

"अगंबाई!"

"म्हणून ह्यांना सांगितलंय, आपण आधी आपला हिस्सा तिला देऊ. घर तिच्या नावावर होऊ दे."

"बाकीचे ऐकतील?"

"न ऐकायला काय झालं? वर्षानुवर्षं एक कौल बदललं नाही, त्यांनी हक्क कसला सांगायचा?"